ओपेथचं ग्राउल परत आलं, तरी फॅन्सचं भांडण का मिटत नाही?

प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कॉलेजमधल्या एका मुलाने विचारलंय की ओपेथ ह्या स्वीडिश मेटल बँडचा २०२४ चा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' हा अल्बम त्याला तुफान आवडला, ग्राउल, म्हणजे घशातून काढलेलं ते खोल गुरगुरणं, परत आलं म्हणून तो खूश आहे, पण त्याचा मोठा भाऊ म्हणतो ओपेथ २०११ लाच संपला, आता हे जुन्या फॅन्सना गोंजारणं चाललंय. आणि ग्रुपमधल्या तिसऱ्याचं म्हणणं असं की एक्स्ट्रीम मेटलचे फॅन्स मुळातच कोत्या मनाचे, बँडने कव्हरवर काळ्याऐवजी दुसरा रंग वापरला तरी ह्यांचा पापड मोडतो. तर बरोबर कोण, आणि आवडत्या बँडने आवाज आणि रूप बदललं की लोकं एवढी का पेटतात?

मी गिटार वाजवतो आणि पुण्यात बरीच वर्षं डेथ, ब्लॅक, ग्राइंड असल्या, मेटलच्या टोकाच्या प्रकारांतल्या बँड्सचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतोय, त्यामुळे हा वाद मी ऐकणाऱ्यांच्या बाजूनेही बघितलाय आणि स्टुडिओत काचेच्या ह्या बाजूने पण. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी तिसऱ्याचं बघू, कारण ते बोलणं मला सगळ्यात जास्त खटकतं. मेटलच्या फॅन्सना बदल नको असतो हे सरसकट खोटं आहे आणि त्याचा पुरावा सेल्टिक फ्रॉस्ट. स्वित्झर्लंडचा बँड, १९८५ चा 'टू मेगा थेरिऑन' म्हणजे पुढच्या सगळ्या डेथ आणि ब्लॅक मेटलच्या पायातला दगड, कव्हरवर एच. आर. गीगरचं चित्र. मग १९८७ ला त्यांनी 'इन्टू द पँडेमोनियम' काढला आणि त्यात काय नव्हतं, एका न्यू वेव्ह बँडच्या गाण्याचं कव्हर, ड्रम मशीन, फ्रेंचमध्ये बोलणारी बाई, ऑपेरासारखे आवाज, गायक टॉम वॉरियरचं ते रडवेलं गाणं. त्या काळात ह्याच्याइतकं विचित्र काही मेटलमध्ये क्वचितच होतं, आणि फॅन्सनी तो अल्बम डोक्यावर घेतला, आजही घेतात. पुढच्याच वर्षी, १९८८ ला, 'कोल्ड लेक' आला. केस फुगवलेले, ग्लॅम बँडसारखे फोटो, साधी सरळ रॉक गाणी. म्हणजे संगीत म्हणून बघितलं तर आधीच्यापेक्षा कमी धाडसी, जास्त ओळखीचं. आणि त्यावर लोकं जी तुटून पडली ती आजतागायत. टॉम वॉरियरने स्वतः तो अल्बम नाकारला, २०१७ ला जुने अल्बम परत काढले तेव्हा त्यातून तो वगळलेला होता. आता मला सांग, फॅन्सना बदल झेपत नसता तर १९८७ लाच बोंबाबोंब व्हायला हवी होती ना? जास्त मोठा बदल पचला आणि लहान बदल अडकला, कारण पहिल्यात बँड स्वतःच्या डोक्यातल्या कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीत आणखी आत गेलेला ऐकू येतो आणि दुसऱ्यात तो दुसऱ्या कुणासारखा दिसायचा प्रयत्न करतोय हे फोटोपासूनच कळतं.

इथे फोटोचा मुद्दा येतो. पॉपमध्ये कव्हरवर गायकाचा चेहरा असतो, काम झालं. आपल्याकडे कव्हर, लोगो, कपडे, गाण्यांची नावं हे सगळं मिळून आत काय आहे ते आधीच सांगत असतं. पूर्वी कॅसेट नाहीतर सीडी हातात घेऊन ऐकायच्या आधीच लोकं ठरवायची की हे माझ्या कामाचं आहे का, आणि बऱ्याचदा अंदाज बरोबर निघायचा. काट्याकुट्यांचा न वाचता येणारा लोगो म्हणजे एक गोष्ट, कृष्णधवल झेरॉक्स मारल्यासारखा फोटो म्हणजे दुसरी, डॅन सीग्रेव्हने रंगवलेलं किचकट दगडी जग म्हणजे तिसरी. हे वर्षानुवर्षं घट्ट बसलेलं आहे. त्यामुळे बँडने चित्र बदललं की फॅन ते निव्वळ चित्र म्हणून बघत नाही, आता आत काय बदललं असेल ह्याची त्याला तिथेच धाकधूक सुरू होते.

बाथोरी ह्या स्वीडिश बँडचा क्वॉर्थन घे. आधी कव्हरवर शेळीचं तोंड, कच्चा भेसूर आवाज, आणि मग १९८८ चा 'ब्लड फायर डेथ' आणि १९९० चा 'हॅमरहार्ट', ज्यांच्या कव्हरवर एकोणिसाव्या शतकातली मोठी तैलचित्रं, आकाशातून जाणारी देवांची फौज आणि व्हायकिंगची जळती नाव. संगीतही तसंच संथ, विशाल, कोरसवालं झालं. चित्र आणि आवाज हातात हात घालून बदलले, म्हणून लोकं सोबत गेली. बदल पचायचा असेल तर हे जुळणं फार महत्त्वाचं असतं, आणि ते जुळलेलं नसेल तर फॅनला ते पहिल्या मिनिटाला जाणवतं, भले त्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येवो न येवो.

आता आवाजाबद्दल, कारण तुझ्या भावाचं मूळ दुखणं तेच आहे. ग्राउल गेलं म्हणजे फक्त गायकाने ओरडणं थांबवलं असं बाहेरच्यांना वाटतं. मिक्स करणाऱ्याला विचार. ग्राउल हा बराचसा तालवाद्यासारखा वागतो, त्यात पक्का सूर नसतो, त्यामुळे चाल गिटारकडे असते. गिटार जाड, भरपूर डिस्टॉर्शनवाली म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची, मधल्या पट्टीत पसरलेली असली तरी चालतं कारण ग्राउल तिच्यात मिसळून जातो आणि शब्दांच्या टोकांपुरता वर येतो. ज्या क्षणी गायक सुरात गातो त्या क्षणी चाल त्याच्याकडे जाते आणि त्याला जागा लागते, साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे गिटारचा करकरीत भागही बसलेला असतो. मग इंजिनिअर काय करणार, गिटार मागे सारणार, तिचं गेन कमी करणार. बँडही रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, मोकळी लिहिणार, कारण सुरेल ओळीखाली दर सेकंदाला बदलणारी रिफ ठेवली तर दोघांची मारामारी होते. ड्रमरही डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा ड्रम, कमी करणार. म्हणजे एक वोकल बदललं की अख्खा सांगाडा हलतो. त्यामुळे एखादा फॅन लिहितो ना की 'गिटार गायब झाल्या, ताकदच गेली', तेव्हा त्याला हसू नका, तो शब्दशः खरं सांगत असतो. मी स्वतः अशी मिक्सेस केलीयत, फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायचा खटका, खाली ओढताना हाताला कळतं की काय चाललंय ते.

आता ओपेथ. स्टॉकहोमचा बँड, १९९५ ला 'ऑर्किड', मग 'स्टिल लाइफ', २००१ चा 'ब्लॅकवॉटर पार्क' ज्यात स्टीव्हन विल्सन निर्मितीत होता, २००५ चा 'घोस्ट रेव्हरीज', २००८ चा 'वॉटरशेड'. मिकाएल ऑकरफेल्टचं ग्राउल म्हणजे ह्या सगळ्या प्रकारातल्या सगळ्यात खोल आणि तरी शब्द कळणाऱ्या आवाजांपैकी एक, आणि त्याच माणसाचा मऊ गळा, आणि गंमत सगळी ह्या दोघांच्या अदलाबदलीत. सप्टेंबर २०११ ला 'हेरिटेज' आला. एक ग्राउल नाही. सुरुवातीला पियानोचा तुकडा, मग सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकसारखी गाणी, बासरी, हॅमंड ऑर्गनसारखे कीबोर्ड, ड्रमर ॲक्सेनरॉट जो तोवर दणादण वाजवायचा तो जॅझवाल्यासारखा हलक्या हाताने. आणि कव्हर! 'स्टिल लाइफ'पासूनची ट्रॅव्हिस स्मिथची बहुतेक धुरकट, धुक्यातली कव्हरं, आणि आता त्याच ट्रॅव्हिस स्मिथचं भडक रंगांचं झाड, फळांच्या जागी बँडच्या लोकांची डोकी, खाली जुन्या मेंबर्सच्या कवट्या, बँड सोडून गेलेल्या कीबोर्डवाल्या पेर व्हिबर्गचं डोकं झाडावरून पडताना, मागे शहर जळतंय.

लोकं भडकली. पण इथे एक गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात येते. २००३ ला ओपेथने 'डॅमनेशन' काढला होता, त्यातही एक ग्राउल नव्हतं, सगळा अल्बम शांत, मेलोट्रॉन ह्या जुन्या कीबोर्डवाला. तेव्हा कुणी बँडच्या नावाने बोटं मोडली नाहीत, उलट कितीतरी जणांचा तो आवडता अल्बम आहे, तुझ्या भावालाही विचार, त्याच्याकडे असणारच. मग २०११ लाच काय बिघडलं? 'डॅमनेशन'च्या आदल्याच वर्षी, २००२ ला, 'डिलिव्हरन्स' आला होता, त्याच काळात रेकॉर्ड केलेला, त्यांच्या सगळ्यात जड अल्बमांपैकी एक. दोघं जोडीनेच आले. म्हणजे शांत अल्बम ऐकताना फॅनला खात्री होती की ग्राउल घरातच आहे, पलीकडच्या खोलीत. 'हेरिटेज'ला ती खात्री नव्हती. ऑकरफेल्टच्या बोलण्यावरून कळत होतं की त्याचं मनच आता त्या प्रकारातून निघालंय, आणि पुढच्याच वर्षी त्याने ब्लडबाथ हा त्याचा दुसरा बँडही सोडला, जिथे तो निव्वळ डेथ मेटल गायचा. 'हेरिटेज'च्या टूरमध्ये सुरुवातीला जुन्या अल्बममधलीही बिनग्राउलचीच गाणी घेतली गेली, प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला. त्यामुळे मला विचारशील तर तो राग सुरेल गाण्यावर नव्हताच, तो विरहाचा राग होता. एखादी गोष्ट आता परत कधीच मिळणार नाही असं वाटलं की माणूस जसा वागतो तसं ते वागणं होतं, आणि ते अगदी माणसासारखं आहे, त्यात कोतेपणा काही नाही.

हे मेटलपुरतं आहे असंही नाही. किशोरीताईंनी जयपूर घराण्याची चौकट ओलांडून आलाप आणि भाव ह्यांना जास्त जागा दिली तेव्हा घराण्याच्या जुन्या जाणत्यांनी किती नाकं मुरडली होती हे आपल्याकडच्या गाणं ऐकणाऱ्या घरांना माहीत आहे, आणि नाकं मुरडणारी ती माणसं कानाने कच्ची नव्हती, त्यांनी ज्या गोष्टीवर जन्मभर प्रेम केलं ती त्यांना निसटताना दिसत होती.

आणि तरीही तुझ्या भावाला मी सांगेन की 'वॉटरशेड'मधलं 'द लोटस ईटर' परत लाव. सुरुवातीलाच ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रम्सचा अतिवेगवान मारा, चालू आहे आणि त्यावर ग्राउल नाही, सुरेल गाणं आहे, मग ग्राउल, मग परत सूर, आणि मध्यावर सगळं थांबून अचानक सत्तरच्या दशकातला फंकी कीबोर्ड सुरू होतो, जवळजवळ नाचावंसं वाटेल असा. 'हेरिटेज'चं बी तिथेच पडलेलं आहे, तीन वर्षं आधी. त्या कव्हरवरच्या झाडाची मुळं खाली नरकापर्यंत गेलेली दाखवलीयत आणि ती मुळं म्हणजे त्यांचं डेथ मेटल असं बँडचंच म्हणणं होतं. म्हणजे चित्राने खोटं सांगितलं नव्हतं. झाड वेगळं दिसतंय, मूळ तेच, हे तोंडावर लिहिलेलं होतं. 'हेरिटेज'बद्दल माझी तक्रार वेगळी आहे, ती म्हणजे गाणी तुकड्यातुकड्यांची वाटतात, एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचा पूल बांधायच्या आत तिसरा सुरू होतो. ती गीतरचनेतली उणीव आहे. २०१४ च्या 'पेल कम्युनियन'मध्ये तीच पद्धत ठेवून त्यांनी ती उणीव भरून काढली आणि मला तो अल्बम फार जवळचा आहे, ग्राउल नसून.

२०१९ ला ओपेथ पुण्यात वीकेंडर ह्या संगीत महोत्सवाला आले होते, 'इन काउडा व्हेनेनम' नुकताच आला होता, जो त्यांनी स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढला. त्या गर्दीत 'ब्लॅकवॉटर पार्क'चे टीशर्ट घातलेली, चाळिशीकडे झुकलेली लोकं होती आणि 'सॉर्सरेस'पासून ऐकायला लागलेली पोरंही होती. ऑकरफेल्टने अल्बममध्ये ग्राउल सोडलं असलं तरी स्टेजवर जुन्या गाण्यांसाठी तो ते करतच राहिला होता, हे विसरून चालत नाही, कारण २०२४ चं ग्राउल 'कुठून आलं' असं विचारणाऱ्यांना उत्तर तिथेच आहे. गळा तयार होता, सराव होता, फक्त नवीन लिहिताना त्याची गरज त्याला वाटत नव्हती.

मग 'लास्ट विल'मध्ये का वाटली? तिथे एका जुन्या, कडक, श्रीमंत माणसाचं मृत्युपत्र वाचलं जातंय, काळ पहिल्या महायुद्धानंतरचा, मुलांसमोर घरातली गुपितं एकेक करून उघडी पडतायत. गाण्यांना नावं नाहीत, कायद्याच्या कलमांसारखे आकडे आहेत, एक ते सात, आणि शेवटच्या एकाच गाण्याला नाव. जेथ्रो टल ह्या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचा इयन अँडरसन मध्येमध्ये निवेदन करतो, बासरीही वाजवतो. ह्या सगळ्यात ग्राउल येतं ते मेलेल्या बापाच्या आवाजासारखं, त्याच्या हुकमासारखं, आणि सूर येतो तेव्हा गोष्ट बाकीच्यांकडे सरकलेली वाटते. म्हणजे ग्राउलला नाटकात भूमिका मिळालीय. पहिलं गाणं बाहेर आलं तेव्हा बहुतेकांनी एवढंच बघितलं की आलं का ग्राउल, आलं, चला जिंकलो. पण मला त्या गाण्यात जास्त पकडलं ते ड्रम्सने. २०२२ ला आलेला फिनलंडचा वाल्टेरी व्हायरिनेन, जो आधी पॅराडाइज लॉस्टमध्ये होता, त्याच्या हातात जोर आणि नजाकत दोन्ही आहे, आणि त्यामुळे गिटारला परत दाट व्हायला आधार मिळाला. 'जुन्या फॅन्सना गोंजारणं' असतं तर त्यांनी 'ब्लॅकवॉटर पार्क'ची नक्कल केली असती. हे तसं वाजतच नाही, ह्यात गेल्या चार अल्बमचं सगळं शिकलेलं आत आहे, तारवाद्यांची मांडणी, वाकडेतिकडे ताल, तो सत्तरचा कीबोर्ड. 'हेरिटेज' झाला नसता तर हा अल्बम झालाच नसता असं माझं ठाम मत आहे, आणि तुझ्या भावाने ह्याच कारणासाठी तो नीट ऐकायला हवा.

पण फॅन्सचा राग नेहमीच विरहाचा असतो असं नाही, कधीकधी तो शंभर टक्के संगीताचा असतो आणि बरोबर असतो. मॉर्बिड एंजल. फ्लोरिडाचा बँड, १९८९ चा 'आल्टर्स ऑफ मॅडनेस' ज्याने ऐकला नाही त्याने डेथ मेटलबद्दल बोलू नये. गायक डेव्हिड व्हिन्सेंट १९९५ च्या 'डॉमिनेशन'नंतर गेला, २००४ ला परत आला, आणि त्याच्यासोबतचा नवा अल्बम यायला २०११ उजाडलं. सोळा वर्षांची वाट. आणि आला 'इलुड डिव्हिनम इन्सानुस', ज्यात डेथ मेटलच्या चारदोन गाण्यांमध्ये टेक्नो-इंडस्ट्रियल, म्हणजे मशीनवर बनवलेल्या, ठोक्यांची गाणी. गहजब झाला. बरेच लोक तेव्हा म्हणाले की फॅन्सना इलेक्ट्रॉनिक आवाज सहन होत नाही. साफ चूक. १९९४ ला लायबाख ह्या इंडस्ट्रियल बँडने मॉर्बिड एंजलच्या गाण्यांची रिमिक्स केलेली एक ईपी, म्हणजे छोटा अल्बम, आली होती, ती लोकांनी आवडीने ऐकली. व्हिन्सेंट मधली काही वर्षं जेनिटॉर्चरर्समध्ये होता जो इंडस्ट्रियल बँडच. म्हणजे तो रंग त्यांच्यात कधीपासून होता.

बिघडलं कुठे ते 'टू एक्स्ट्रीम' हे गाणं लावून बघ. मॉर्बिड एंजलचा प्राण म्हणजे गिटारवादक ट्रे अझॅगथॉथच्या त्या घसरत्या, चिखलासारख्या सरकणाऱ्या रिफ आणि त्याखाली पीट सँडोव्हलचे ड्रम्स, दोघं एकमेकांना किंचित ओढत असतात आणि त्या ओढाताणीत ती भोवळ येते. ह्या अल्बमला सँडोव्हल पाठीच्या ऑपरेशनमुळे नव्हता, टिम युंग होता, तोही मोठा ड्रमर, पण ह्या गाण्यात सरळ मशीनचा ठोका आहे, आणि गिटारची एक छोटी रिफ त्यावर कापून चिकटवल्यासारखी फिरत राहते. सरळ ठोक्यावर ट्रेची रिफ बसवली की तिचं घसरणंच मरतं. ठोका टेक्नो आहे हा दोष नाही, त्या ठोक्याने बँडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट बंद पाडली हा दोष. लायबाखने रिमिक्समध्ये रिफ जिवंत ठेवली होती, बँडने स्वतःच्या अल्बममध्ये ती मारली. फॅन्स चिडले ते योग्यच चिडले, फक्त बऱ्याच जणांनी कारण चुकीचं सांगितलं. २०१५ ला व्हिन्सेंट गेला, आधीचा गायक स्टीव्ह टकर परत आला, २०१७ ला 'किंग्डम्स डिसडेन्ड', सगळं परत जड. कॅनडाच्या क्रिप्टॉप्सी ह्या डेथ मेटल बँडचंही थोडंफार तसंच झालं, २००८ चा 'द अनस्पोकन किंग', क्लीन म्हणजे सुरेल वोकल्स आणि कीबोर्ड, आरडाओरडा, २०१२ ला परत मूळ पदावर.

उलटं उदाहरण कार्कसचं, आणि हे मला मनापासून सांगायचंय, कारण इथे फॅन्स चुकले होते. लिव्हरपूलची पोरं, १९८८ चा 'रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन', कव्हरवर शवविच्छेदनाच्या फोटोंचं कोलाज, जे बघून दुकानदार हात लावायला कचरायचे, गाण्यात वैद्यकीय शब्दांचा खच, दोघंतिघं मिळून गुरगुरतायत. आणि १९९३ ला 'हार्टवर्क'. कव्हरवर गीगरचं एक स्वच्छ, धातूचं शिल्प, बस. बिल स्टीअरचं खोल गुरगुरणं गेलं, फक्त जेफ वॉकरचा किंचाळता आवाज, गिटारमध्ये सुरेल जोडओळी, कॉलिन रिचर्डसनचं लखलखीत प्रॉडक्शन. 'विकले गेले' हा शिक्का लगेच बसला, अमेरिकेत कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीकडे गेले होते त्यामुळे तर आणखीनच. आता ऐक की तो अल्बम. रिफ लिहिणारा हात तोच आहे! ते अचानक बदलणारे ताल, ड्रमर केन ओवनचे ते वेडेवाकडे फिल्स, वॉकरचा कडवटपणा, सगळं जागच्या जागी, फक्त आता प्रत्येक नोट ऐकू येतेय. रक्तामांसाचा ढीग काढून खालचा सांगाडा दाखवलाय आणि चित्रातही नेमकं तेच केलंय, फोटोंच्या चिखलाऐवजी एक थंड धातूची आकृती. चित्र आणि आवाज परत जुळतात. आज मेलोडिक डेथ मेटलवाल्या बँड्सचे गिटार ट्रॅक माझ्याकडे येतात तेव्हा कितीतरी जण नमुना म्हणून 'हार्टवर्क'च पाठवतात, तीस वर्षांनंतर.

त्याच १९९३ ला एन्टूम्डचा 'वुल्व्हरिन ब्लूज' आला, स्वीडिश डेथ मेटलला रॉकची ढब. त्याच्या अमेरिकन आवृत्तीच्या कव्हरवर कंपनीने सरळ मार्व्हलच्या कॉमिकमधला वुल्व्हरिन छापला, ज्याचा बँडच्या संगीताशी काडीचा संबंध नव्हता. हे लक्षात ठेव कारण कव्हर बघून बँडला शिव्या घालायच्या आधी ते कव्हर ठरवलं कुणी हे बघायला हवं, कधी बँड असतो कधी कंपनी.

आणि मग एक तिसऱ्या प्रकारचा राग, जो ना विरहाचा ना संगीताचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवनचा २०१३ चा 'सनबेदर'. ब्लॅक मेटलचे ब्लास्ट बीट, किंचाळणं, आणि वर शूगेझच्या, म्हणजे धूसर स्वप्नाळू रॉकच्या, गिटारचा चमकता पडदा. कव्हर गुलाबी. फोटोत केस नीट कापलेले, साधे शर्ट. ह्यांच्यावर जेवढी आग ओकली गेली तिचा बराच भाग मी वाचलाय, आणि त्यात संगीताबद्दल जवळजवळ काही नसायचंच, असायचं ते केसांबद्दल, गुलाबीबद्दल, 'ही आपल्यातली पोरं नाहीत' ह्याबद्दल. ह्या रागाला मी अजिबात किंमत देत नाही. त्या अल्बममधले ड्रम्स कान देऊन ऐकले तर तिथे लबाडी कुठेच नाही, पोरगा जीव तोडून वाजवतोय, आणि गुलाबी रंग म्हणजे मिटल्या पापण्यांतून दिसणारं ऊन, जे त्या गिटारमध्ये तंतोतंत ऐकू येतं. चित्र आणि आवाज इतके जुळलेले अल्बम त्या दशकात थोडेच आहेत. गंमत म्हणजे २०२१ ला त्यांनी 'इन्फिनिट ग्रॅनाइट'मध्ये किंचाळणं जवळजवळ सोडलं तेव्हा 'सनबेदर'वर वाढलेली पिढी हळहळली, आणि २०२५ च्या 'लोनली पीपल विथ पॉवर'मध्ये ते परत आलं तेव्हा खूश झाली. म्हणजे ज्यांना 'आपल्यातले नाही' म्हणत होते त्यांच्या फॅन्सनाही तोच विरह झाला.

आपल्याकडे मुंबईच्या डेमॉनिक रिसरेक्शनने २०१७ ला 'दशावतार' काढला तेव्हाही थोडी चलबिचल ऐकली होती मी, की देवांच्या गोष्टी आणि भारतीय वाद्यं डेथ-ब्लॅकमध्ये कशाला, हे गोऱ्यांना दाखवायला का. पण प्रत्येक गाणं एका अवताराचं, आणि वाद्यं रिफच्या आत गुंफलेली, नुसती सुरुवातीला चिकटवलेली नाहीत. सुरुवातीची दहा सेकंद सतार आणि मग चार मिनिटं नेहमीचंच, असे डेमो माझ्याकडे ढिगाने येतात, त्यांना मी सरळ सांगतो की ती दहा सेकंद काढून टाका. 'दशावतार'मधून तसं काढता येत नाही, काढलं तर गाणं कोसळतं.

तर तुमच्या तिघांच्या भांडणाबद्दल. नवीन गाणं आलं की पहिल्या आठवड्यात मी मत देत नाही, कारण पहिलं सिंगल बऱ्याचदा कंपनी निवडते आणि ते अल्बमचं प्रातिनिधिक असेलच असं नाही. मॉर्बिड एंजलने २०११ ला आधी पुढे केलं होतं 'नेव्हरमोर', जे सरळ डेथ मेटल आहे, त्यावरून अल्बमचा काय अंदाज येणार होता? मी पूर्ण अल्बम हेडफोनवर ऐकतो, स्पीकरवर नाही, आणि पहिल्यांदा वोकल्सकडे मुद्दाम दुर्लक्ष करून फक्त उजव्या कानातली गिटार ऐकतो, कारण रिफ लिहिणारा हात ओळखू आला की बँड अजून घरात आहे हे कळतं. मग ड्रम्स. मग कव्हर समोर ठेवून परत एकदा सगळं. ह्या तीन फेऱ्यांनंतरही खटकत असेल तर मग ते खरंच खटकणारं असतं आणि तेव्हा बिनधास्त बोल, फॅनने बोलायलाच हवं, बँड्स ऐकतात, क्रिप्टॉप्सी आणि मॉर्बिड एंजल दोघंही ऐकल्याशिवाय मागे फिरले नसते.

भावाशी वाद घालू नकोस. त्याच्या वयाच्या माणसाला 'ब्लॅकवॉटर पार्क' कधी, कुठे आणि कुणासोबत मिळाला ते आधी विचार, आणि मग रात्री दिवे घालवून 'द लोटस ईटर', 'पेल कम्युनियन'मधलं कुठलंही एक गाणं आणि 'लास्ट विल'चं पहिलं कलम ह्याच क्रमाने, मध्ये न बोलता, एकामागून एक लाव. त्या तिसऱ्यालाही बोलव, त्याला 'इन्टू द पँडेमोनियम' ऐकवायचा राहिलाय.